दुसऱ्याच्या कुलपाखाली

साखरशेतच्या वरच्या पाड्यावर कोंडी जन्माला आली तेव्हा तिच्या आधीची दोन भावंडं गेलेली होती. एक सव्वा वर्षाचं, एक सात महिन्यांचं. त्या सालात आसपासच्या गावांतून लेकरं भुकेने तशीच जात होती. वावर-वांगणीचं नाव पेपरात आलं, बाकीच्यांचं आलंही नाही. तिसरी पोर झाली तशी आजीने सुपातला मूठभर कोंडा घेतला, पोरीवरून उतरवून बाहेर टाकला आणि तिला कोंडी म्हणून हाक मारली. कोंड्याला कोण हात लावणार? पोर जगली.

बापाच्या नावावर जमीन नव्हती. दिवाळी सरली की आईबाप वीटभट्टीवर जात आणि कोंडी आश्रमशाळेत राही. दहावी झाली, मग जव्हारला आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला. वर्गात तेवीस पोरं आणि ही एकटी. एकविसाव्या वर्षी लग्न झालं, तेविसाव्या वर्षी नवरा भिवंडीला दुसरीबरोबर राहायला गेला. त्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नाही. बाप वारल्यावर आईला घेऊन ती जव्हारात एका खोलीत राहायला आली, कारण कंपनीची बस जव्हारच्या स्टँडपासून सुटायची.

कंपनी वाड्याच्या रस्त्याला होती. पंपांचे आणि गिअरचे लोखंडी सांगाडे बनत. पहिली तीन वर्षं कोंडीने कानस मारली. सांगाड्यांच्या कडांवर राहिलेली धारदार किनार घासून काढायची, दिवसाला दोनशे नग. बोटांची टोकं इतकी झिजली की आधार कार्डाच्या मशीनला तिचा ठसा उमटेना. मग मोजणीच्या खोलीतला माणूस सोडून गेला आणि पोश्याने तिचं नाव सुचवलं.

पोश्या मेंटेनन्सचा फिटर. मोखाड्याकडचा, चव्वेचाळीस वर्षांचा, वाळक्या अंगाचा. पौषात जन्मला म्हणून पोश्या. आठवडाभर जव्हारात मेहुण्याकडे राहायचा आणि सुट्टीला गावी जायचा. बसमध्ये कोंडीच्या मागच्या बाकावर बसायचा आणि बस सुटायच्या आत झोपायचा. कोंडी त्याला पोशादादा म्हणे, तो तिला बाय म्हणे.

"ही पोर हलक्या हाताची हाय," त्याने साहेबांना सांगितलं होतं. "मशीन आपटणार नाय."

मोजणीच्या खोलीतल्या यंत्राला सगळे सीएमएम म्हणत. खाली खाटेएवढा काळा गुळगुळीत दगड. त्याच्यावर मागेपुढे सरकणारी कमान. कमानीतून खाली लोंबणारा उभा दांडा आणि दांड्याच्या टोकाला काडीवर बसवलेला माणकाचा बारीक मणी. तो मणी लोखंडाला इथे टेकवायचा, तिथे टेकवायचा, की केसाच्या विसाव्या भागाइतका फरकसुद्धा पडद्यावर दिसे. कमान दगडावर टेकलेली वाटे, पण टेकलेली नसे. दोन्हींच्या मध्ये हवेचा पातळ थर असे आणि त्या हवेवर ती तरंगे. उभा दांडाही हवेच्याच जोरावर तोललेला असे. खोली बारा महिने वीस अंशांवर. कोंडी ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसे आणि जेवायला बाहेर पडली की अंगावर भट्टी उघडल्यासारखं होई. ती डोकेदुखी तिच्या मागे कायमची लागली.

बाहेरून मोठ्या गिऱ्हाइकाची तपासणी आली, तेव्हा कंपनीत कुलपांचा नियम आला. त्याला सगळे लोटो म्हणत. एका मास्तरांना बोलावून दिवसभर शिकवलं गेलं. यंत्र उघडून काम करायचं असेल तर आधी ते बंद करायचं, मग भिंतीवरचा विजेचा मुख्य खटका पाडायचा, हवेची तोटी बंद करायची, नळीत कोंडलेली हवा फुसफुस थांबेपर्यंत सोडून द्यायची, उभ्या दांड्याखाली लाकडी ठोकळा द्यायचा. मग खटक्याला आणि तोटीला कुलूप घालायचं, त्यावर आपला फोटो आणि नाव असलेली पाटी अडकवायची: धोका, माणूस काम करत आहे. शेवटी बटण दाबून बघायचं, की खरंच चालू होत नाही ना. चावी आपल्या खिशात. ज्याने कुलूप घातलं त्यानेच काढायचं. आणि जितकी माणसं आत हात घालणार तितकी कुलपं.

सगळ्यांनी सह्या केल्या आणि सगळे हसले. हेमंत साहेब, म्हणजे मोजणी विभागाचे सुपरवायझर, त्या दिवशी म्हणाले होते, "कोंडीने मशीनची कोंडी केली." मग ते वाक्य वर्षभर चाललं. कोंडीही हसायची. हेमंत साहेब माणूस वाईट नव्हता. नाशिककडचा, तिशीचा, डब्यातली भाजी पुढे करणारा. वरून फोन आला की मात्र त्यांचा चेहरा उतरे आणि ते खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारीत.

पोश्याने नियम तिला वेगळ्या रीतीने समजावला. "कुलूप मशीनला नाय लावायचा, बाय. दुसऱ्याच्या घाईला लावायचा."

कुलपं मात्र पुरेशी आली नाहीत. मेंटेनन्सला तीन, मोजणीला पाळीमागे एक. तिनातलं एक कुठेतरी हरवलं. कोंडीने मागणीच्या वहीत लिहिलं, जानेवारीत एकदा, फेब्रुवारीत दोनदा. वहीवर सही होऊन वही परत येई.

मार्चअखेर आली. अकरा दिवस कुणाला सुट्टी मिळाली नव्हती. कोंडीच्या आईला त्याच आठवड्यात ताप भरला, त्यामुळे पहाटे उठून पाणी भरणं, भाकरी टाकणं, आईला गोळी देऊन पेज पाजणं, हे सगळं उरकून सव्वापाचची बस. बसमध्ये उभ्याने डोळा लागे. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे दुपारनंतर एकमेकांत मिसळू लागत आणि ती चिमटा काढून बसे.

त्या दिवशी सकाळी अकराला उभा दांडा गळायला लागला. म्हणजे हवा सुटायला लागली. दांडा थांबवला तरी बारीक बारीक खाली येई. पोश्याला बोलावलं. त्याने कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "आतला रबर गेलाय. खोलायला लागेल. संध्याकाळ होईल."

खटका आणि तोटी खोलीच्या बाहेर, पॅसेजच्या भिंतीवर शेजारी शेजारी होती. एकच लोखंडी पट्टी दोन्हींवर बसे आणि तिला कुलूप. कोंडीने नियमाप्रमाणे सगळं केलं, आपलं पिवळं कुलूप घातलं, पाटी अडकवली. पोश्या रिकाम्या हाताने उभा होता.

"तुझं कुठाय, दादा?"

"माझा कॉम्प्रेसरच्या पॅनलवर हाय. तिकडचा काम अर्धा सोडून आलोय. दुसरा मेंटेनन्सच्या गोकुळकडे." त्याने खांदे उडवले. "तुझा हाय ना? एक काय नि दोन काय."

कोंडीला ते बरोबर वाटलं नाही. पण बाहेर ट्रॉलीवर न मोजलेले सांगाडे रांगेने उभे होते आणि हेमंत साहेबांच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. ती म्हणाली, "मी इथेच आहे, जा आत."

तीनला तिची पाळी संपली. पुढच्या पाळीची प्रेमा आली नव्हती. तिची बस तलवाड्याजवळ बंद पडली होती. नियम असा, की प्रेमाने येऊन आपलं कुलूप घालावं, मग कोंडीने आपलं काढावं. पोश्या आत वाकून काम करत होता. गेटवर जव्हारच्या बसचा हॉर्न एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला. ही बस चुकली की वाड्याला जा, तिथून एसटीची वाट बघ, घरी पोहोचायला आठ. आई सकाळपासून एकटी होती.

हेमंत साहेब पॅसेजमध्ये उभे होते. "अगं, जा तू. चावी माझ्याकडे दे. प्रेमा आली की मी तिचं कुलूप लावून घेतो, मग तुझं काढतो."

"साहेब, चावी द्यायची नसते."

"मला माहितीय. पण तू इथे बसून काय करणार? चेहरा बघ तुझा."

तिसरा हॉर्न वाजला. कोंडीने खिशातून चावी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्या क्षणी तिला बरं वाटलं. पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं बरं वाटलं. पुढे कित्येक महिने तिच्या मनातून काही गेलं नाही तर ते हेच: आपल्याला बरं वाटलं होतं.

ती बसमध्ये बसली आणि विक्रमगड यायच्या आत झोपली. घाटात फोनला रेंज नव्हती. जव्हारच्या स्टँडवर उतरली तेव्हा फोनवर सात मिस्ड कॉल पडलेले होते आणि आठवा वाजत होता. गोकुळ बोलत होता.

"पोश्याचा हात गेला, कोंडे."

झालं होतं ते असं. चारच्या सुमारास वरून फोन आला, की माल आज निघालाच पाहिजे. हेमंत साहेबांनी काचेतून आत बघितलं. खोलीत कुणी दिसलं नाही. पोश्याचं स्टूल रिकामं होतं, पाना दगडावर ठेवलेला होता. पोश्या चहाला गेला, काम झालं, असं त्यांनी धरलं. खरं तर पोश्या यंत्राच्या मागच्या अंगाला उकिडवा बसला होता. दांडा दोन बोटं वर घ्यायचा म्हणून त्याने ठोकळा काढून ठेवला होता आणि दगडावर पडलेली एक कडी उचलायला डावा हात दांड्याखाली घातला होता. साहेबांनी कुलूप काढून तोटी उघडली. हवा बंद असते तोवर दांडा ब्रेकवर अडकून राहतो; हवा आली की ब्रेक सुटतो, तसा सुटला. आणि दांडा तोलून धरणारं नळकांडं खोलून बाजूला ठेवलेलं होतं. दांडा सरळ खाली आला.

स्टँडवर कोंडी बराच वेळ उभी राहिली. वडापावची गाडी, रिक्षावाले, कॉलेजच्या पोरी, सगळं नेहमीसारखं चाललेलं होतं. मग ती घरी गेली, आईला पेज करून दिली. आईने विचारलं, "जेवत नाहीस?" ती म्हणाली, "कंपनीत खाल्लं."

पोश्याला ठाण्याला नेलं. डाव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं.

आठवड्याने कोंडीला वर ऑफिसात बोलावलं. मॅनेजर होते, एचआरच्या बाई होत्या, कोपऱ्यात हेमंत साहेब. त्यांची दाढी वाढलेली. टेबलावर टाइप केलेला कागद होता. त्यात लिहिलं होतं, की कामगाराने स्वतःचं कुलूप न घालता यंत्रात हात घातला. ऑपरेटरने पाळी संपल्यावर चावी रीतसर सुपरवायझरकडे जमा केली. सुपरवायझरने खोली रिकामी असल्याची खात्री करून हवा चालू केली. खाली तिच्या नावाची जागा.

कोंडीने कागद दोनदा वाचला. मॅनेजर म्हणाले, "तुझ्यावर काहीच येत नाही यात. सही कर आणि कामाला लाग."

"चावी जमा करायची अशी रीत नाहीये, साहेब."

मॅनेजरांनी पेन तिच्याकडे सरकवलं, तिने ते उचललं नाही. बाहेर पडल्यावर हेमंत साहेब तिच्यामागे जिन्यापर्यंत आले. "कोंडी, खोटं काय आहे त्यात? त्याने कुलूप घातलं नव्हतंच. मी बघितलं होतं गं, खरंच बघितलं होतं काचेतून." त्यांचा आवाज फुटला. "मला दोन लहान पोरं आहेत."

"मला सोमवारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. 

रविवारी तिने मोखाड्याची एसटी धरली. फाट्यावर उतरून पोश्याच्या पाड्यापर्यंत तासभराची चाल. एप्रिल लागला होता. डोंगर वाळून पिवळे पडले होते आणि विहिरीकडून हंडे घेऊन येणाऱ्या बायांची रांग तिला तीनदा आडवी आली. पोश्याच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. त्यांचा गोड, आंबूस वास सगळीकडे पसरला होता. पोश्या ओटीवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. त्याची बायको रुपी अंगणात फुलं पसरवत होती. तिने कोंडीला बघितलं, उठून तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा फुलांशी जाऊन बसली.

"दुखतंय?" कोंडीने विचारलं.

"जी बोटा नाय तीच दुखतात," पोश्या म्हणाला. "डॉक्टर बोलतो, असा होतो." मग थोडं हसून, "कागद आणलास काय?"

"तुला कसं कळलं?"

"माझ्याकडे पण आला होता. हॉस्पिटलात. मी केली सही."

कोंडीने त्याच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"उजवा हात हाय ना शाबूत," तो म्हणाला. "ते बोलले, सही कर, मग तुला कामावर ठेवू. गेटवर बसवू. मी बोललो, द्या."

"त्यात तुझीच चूक लिहिलीय, दादा."

"मग नव्हती काय? मीच तुला शिकवला, आपला कुलूप आपणच घालायचा. आणि मीच बिनकुलपाचा शिरलो. दमलो होतो, बाय. स्टोअरला जायचा, कुलूप मागायचा, स्टोअरवाला नाय बोलणार, मग तिकडचा काम बंद करून कुलूप काढून आणायचा..." त्याने डोळे मिटले. "कंटाळा आला. तू पण कर सही. दोघांनी कशाला भाजून घ्यायचा?"

कोंडीने विचारलं, "मी खरं लिहिलं तर तुझं गेटचं काम जाईल?"

"काय माहीत."

"मग मी काय करू?"

  रुपीने हातातली फुलं तशीच धरली आणि मान न वळवता विचारलं, "चावी तू दिलीस ना?"

"हो," कोंडी म्हणाली.

"मग तसा लिही."

एवढंच बोलून ती उठली, रिकामी टोपली काखेत मारून घरामागे गेली. कोंडी निघेपर्यंत ती परत पुढे आली नाही.

परतीच्या वाटेवर कोंडी फाट्यावर दोन तास बसली. एसटी आलीच नाही, मग एका जीपने तिला घेतलं. जव्हारला पोहोचली तेव्हा आई दारात बसलेली. ताप उतरला होता आणि तिने स्वतः नाचणीची भाकर टाकली होती. आईच्या हातचं जेवून कोंडीने आयटीआयची जुनी वही काढली आणि मागचं कोरं पान फाडलं. तिचं लिहिणं बेताचं. पाच ओळी लिहायला तिला अर्धा तास लागला.

तिने लिहिलं, की कुलूप माझं होतं. नियम माहीत असून मी चावी हेमंत साहेबांना दिली, कारण बस सुटत होती. पोश्या आत काम करत होता हे मला माहीत होतं आणि ते मी साहेबांना वेगळं सांगितलं नाही. पोश्याकडे कुलूप नव्हतं कारण कंपनीत कुलपं कमी होती; मागणी वहीत तीन वेळा लिहिली आहे, वही बघावी. खाली नाव आणि सही.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी तिने तो कागद हेमंत साहेबांना दाखवला. लपवून पुढे जाणं तिला बरं वाटेना. त्यांनी वाचला. 

"तू मला घालवणार," ते म्हणाले.

"आधी माझं नाव लिहिलंय, साहेब. मग तुमचं."

"तुझं नाव आधी असून काय उपयोग? तुला पॅकिंगला टाकतील. मला घरी पाठवतील."

"ते खरंय," कोंडी म्हणाली. तिला त्यांचा राग आलेला नव्हता. आला असता तर सोपं गेलं असतं.

मॅनेजरांनी कागद हातात घेतला आणि ते बघू म्हणाले. पंधरा दिवस काहीच झालं नाही. मग ठाण्याहून कारखान्यांचे सरकारी निरीक्षक आले. त्यांनी एकेकाला वेगळं बसवून विचारलं. कोंडीने कागदात होतं तेच सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. निरीक्षकांनी मागणीची वही मागवली. वही सापडायला तासभर लागला, पण सापडली. तिच्यात तिन्ही नोंदी होत्या आणि तिन्ही नोंदींखाली सह्या होत्या. गोकुळनेही सांगितलं, की त्या दिवशी दुसरं कुलूप त्याच्याकडे होतं. पोश्याकडून हॉस्पिटलात घेतलेल्या कागदाचा मग कुणी उल्लेख केला नाही.

पोश्याच्या उपचाराचा सगळा भार कंपनीने उचलला आणि त्याला गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. दोन महिने तो आला. कोंडी बसमध्ये पुढे, तो मागे, पूर्वीसारखंच. मात्र तो आता झोपत नसे. खिडकीतून बाहेर बघत राही. आषाढात लावणीला म्हणून सुट्टीवर गेला तो परतला नाही. गोकुळ म्हणाला, गेटवर बसून दुसऱ्यांना पाने घेऊन आत जाताना बघणं त्याला सोसवेना. दोन बोटांनी भाताची रोपं कशी लावतो, ते विचारायची कोंडीला हिंमत झाली नाही.

हेमंत साहेबांना दुसऱ्या कारखान्यात जावं लागलं. मेमध्ये त्यांचा एकदा फोन आला. कोंडी बघत राहिली आणि वाजून वाजून तो बंद पडला. संध्याकाळी तिने उलटा फोन लावला, तर त्यांनी उचलला नाही. त्यानंतर कुणीच लावला नाही.

साहेब म्हणाले होते तसंच झालं. कोंडीला पॅकिंगला टाकलं. दोन महिने ती खोके चिकटवत होती. पण मोजणीच्या खोलीत नव्या माणसाने मणी बसवलेली काडी दोनदा आपटून मोडली, तेव्हा तिला परत बोलावलं.  ती गेली, स्वेटर खुंटीवरून काढला, झटकला आणि बसली.

कुलपं आली. पॅसेजच्या भिंतीवर आता पंधरा कुलपांचा फलक आहे. नवीन सुपरवायझर कोंडीला तोंडावर ताई म्हणतो आणि पाठीमागे हळूबाई. कारण पाळी बदलताना यंत्र उघडं असेल तर ती हलत नाही. प्रेमा येईल, स्वतःचं कुलूप घालेल, ओढून बघेल, तेव्हा कोंडी आपलं काढते. कधी कधी आत कुणी नसतंच. खोललेला भाग बाहेर दुरुस्तीला गेलेला असतो आणि खोली नुसती रिकामी असते. तरी ती आत जाते, यंत्राला पूर्ण वळसा घालते, मागच्या अंगाला वाकून बघते.

"ताई, कुणी नाय आत, जा तुम्ही," प्रेमा म्हणते. "बस चुकेल."

बस चुकतेच. महिन्यातून तीन-चारदा तरी चुकते. मग वाडा, मग एसटी, मग आठ. आई आता विचारत नाही. ताट झाकून ठेवते. डोकेदुखी आहे तशीच आहे. कोंडीला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पहाटेचा गजर होतो आणि अंग अंथरुणाला खिळल्यासारखं असतं. मग ती उठते.

भादव्यात एका सुट्टीच्या दिवशी ती जव्हारच्या आठवडी बाजाराला गेली. पावसाने उघडीप दिली होती. रस्त्याच्या कडेला पाड्यांवरच्या बाया काकड्या, भोपळे, दुधी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्यात रुपी होती. कोंडीने तिला आधी बघितलं. वळून दुसऱ्या बाजूने जावं असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात रुपीनेही तिला बघितलं.

कोंडी समोर जाऊन उभी राहिली. "दादा कसा आहे?"

"हाय." रुपीने एक काकडी उचलली, पुसली, परत ठेवली. "शेतावर जातो. शेळ्या बघतो. पाना धरता येत नाय बोलतो, पण कोयता धरता येतो."

"एकदा येईन म्हणते."

रुपीने त्यावर ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. ती कोंडीच्या तोंडाकडे बघत होती.

"कामाला जातेस अजून?"

"जाते."

"तिथेच? त्याच मशीनवर?"

"त्याच."

रुपीने मान हलवली. मागे मोखाड्याच्या जीपवाल्याने हाकारे घालायला सुरुवात केली होती. तिने उरलेल्या काकड्या भराभर टोपलीत भरल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि टोपलीची एक कड धरली.

"हात लाव जरा," ती म्हणाली.

कोंडीने खाली वाकून दुसरी कड धरली आणि दोघींनी मिळून टोपली तिच्या डोक्यावर चढवली. रुपीने ती एकदा हलवून नीट बसवली आणि गर्दीतून वाट काढत जीपकडे चालू लागली.